जतीनने वाळवलेली माती

सुकवणं या विषयात आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचाय, असं आगर गावच्या जतीनचं प्रामाणिक मत होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वलांडीच्या बांबूंवर सुकायचे. अर्धओला माल बाजारात गेला की त्यात अळी पडते आणि घराण्याचं नाक कापलं जातं, हे आई वेणूने त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. पुढे शेतकीची पदविका घेऊन तो डहाणू रोडच्या एका खाजगी माती-तपासणी केंद्रात चिकटला आणि बोंबलाचा कायदा त्याने मातीलाही लावला.

नमुना सावलीत वाळवावा, असं केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. जतीनला त्याचं हसू यायचं. सावलीत जपायला ती काय बाळंतीण आहे? त्याने ओव्हनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि माती भाजलेल्या चण्यासारखी कडकडीत होईपर्यंत तिला बाहेर काढलं नाही.

तलासरीकडच्या जमनाची मातीही अशीच भाजून निघाली. भात कापल्यावर त्या ओल्या तुकड्यात ती पहिल्यांदाच मिरची लावणार होती. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि नवरा लाहू वसईकडे वीटभट्टीवर जायचे. यंदा मिरची लागली तर भट्टीचं तोंड बघायचं नाही, असं तिने मुकादमाला तोंडावर सांगून टाकलं होतं. बाईची हिंमत बघून मुकादम पण चाट पडला.

"जमनाताई, जमीन फार आंबट आहे," जतीनने निकाल वाचला. "चुना भरपूर टाका. स्फुरद मात्र ठासून भरलाय, सुपर फॉस्फेटचं पोतं अजिबात आणू नका."

"नक्की ना, साहेब? आमच्या शेजारणी टाकतात."

"शेजारणींनी माती तपासलीय का?"

जमनाने मान डोलावली. शिकलेल्या माणसापुढे मान डोलवायची सवय वाईटच.

चुना पडला, सुपर फॉस्फेट पडलं नाही. शेजारणींची मिरची गुडघ्याला लागली आणि जमनाची रोपं वीतभर वाढून जांभळी पडली. तिने दोन रोपं उपटून केंद्राच्या टेबलावर ठेवली. जतीनने पुन्हा माती मागवली. पण त्या आठवड्यात ओव्हनची कॉइल जळाली होती, म्हणून नाइलाजाने तो नमुना ओसरीत कागदावर पसरावा लागला.

या खेपेला आंबटपणा नावालासुद्धा उरला नव्हता, आणि स्फुरद चिमूटभर.

"भाताची ओली माती भाजलीस ना?" शेजारच्या टेबलावरच्या हेमांगीने विचारलं. केंद्रातली नळ्या-द्रावणांची सगळी कामं तीच करायची. "भाजली की आंबट दिसते. आणि कणांत अडकलेला स्फुरद मोकळा होतो. तो आपल्या नळीत उतरतो रे, झाडाच्या मुळाला नाही मिळत. वर तू चुना ओतायला लावलास, म्हणजे होता तोही बांधला गेला. आता जाऊन बाईला खरं सांग."

खरं सांगायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि जतीनच्या घराण्यात सुकवण्याची चूक कोणी केलीच नव्हती. रात्रभर डोकं खाजवून त्याला अप्रतिम युक्ती सुचली. आधी आंबट, आता बरी. म्हणजे आपल्या सल्ल्याने जमीन सुधारली की! गडी सकाळी मोटारसायकलवर टांग मारून तलासरीला पोचलासुद्धा.

जमनाच्या दारात भट्टीचा टेम्पो उभा होता. लाहू आत भांडी, गोधड्या चढवत होता.

"अभिनंदन जमनाताई!" जतीन म्हणाला. "तुमची जमीन सुधारली!"

जमनाने गोणीचं तोंड बांधलं. मग शांतपणे विचारलं, "मग आता मिरची येल का, साहेब?"

जतीनने त्या जांभळ्या तुकड्याकडे पाहिलं. लाज वाटली त्याला, अगदी सडकून वाटली, आणि सगळी युक्ती तोंडातल्या तोंडात विरली.

"नाही," तो म्हणाला. "हंगाम गेला. चूक माझी झाली, ताई. माती मी भाजली."

"हे तेवढं बरोबर सांगितलंत," जमना म्हणाली, आणि गोणी उचलून टेम्पोत चढली.