नसलेल्या फाटकापाशी

नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. कुत्र्याचं शोधावं की नाही, यावर आपले पूर्वज काही बोलून गेलेले नाहीत, आणि सुप्रभा ओव्हाळचं तर पोटच त्यावर चालत होतं. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळच्या एका लॅबमध्ये ती जनावरांचं रक्त तपासायची. १९९१ साली तिच्या बॉसच्या डोक्यात एक खूळ शिरलं. उत्तरेकडच्या डोंगरांत मेंढरं राखणारी जुनी गावठी कुत्री अजून थोडी उरली आहेत, ती संपायच्या आत त्यांची वंशावळ लावायची. तिथले लोक त्या कुत्र्यांना 'कर' म्हणत, म्हणजे इंग्रजीत कुळमूळ नसलेल्या भटक्या कुत्र्याला देतात ती शिवी. शहरात कुणाला कर म्हणालात तर तो अंगावर धावून येईल. डोंगरात मात्र तो हुद्दा होता. ना रजिस्टर, ना शोमधली बक्षिसं. एक कान उभा, एक पडका, शेपूट अर्धीच, रंग काय वाट्टेल तो. काम केलं तर ठेवायचं, नाहीतर नाही.

आता वंशावळ लावायची म्हणजे नावं हवीत. तर तिथली बापजाद्यांपासूनची रीत अशी, की म्हातारी कुत्री मेली की तिचंच नाव तिच्या लेकीला द्यायचं. फॅनची आई फॅन, तिची आई फॅन, तिचीही आई फॅन! सुप्रभाने पहिल्याच फेरीत कपाळावर हात मारून घेतला.

"मिस्टर डॉड, अहो, ही सगळी माहिती यातल्या नेमक्या कुठल्या फॅनची सांगताय तुम्ही?"

"फॅनची," विल्फ डॉड म्हणाला. "फॅन एकच असते."

विल्फ डॉड साठीचा, एकटा, गुडघ्याने अधू, आणि बोलण्यात कवडीचुंबक. धरणाच्या काठावर त्याचं दगडी घर होतं. धरणाआधी खाली एक वस्ती होती, डॉडांचा जुना गोठा होता, आणि वर त्याच्या वाटेवर मेंढरं आत घ्यायचं फाटक होतं. विल्फ जन्मायच्या आधीच वस्ती नि गोठा पाण्याखाली गेले, फाटक मोडलं. काठावरची फाटकाची जागाही सपाट झाली होती. नुसतं गवत. इथे काही होतं असं सांगितलं तरी पटू नये.

त्याच गवतावर सुप्रभाच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला. विल्फ पुढे चालत होता, मध्ये मेंढरं, मागे फॅन आणि फॅनच्या शेजारी धापा टाकत सुप्रभा. चालता चालता फॅन अचानक जमिनीला चिकटली. पोट गवतावर, डोळे समोर. मेंढरंही थांबली. वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. कुणीतरी फाटक उघडतंय आणि ते पुरतं उघडेपर्यंत कळप धरून ठेवायचाय, असं समजून ते कुत्रं थांबलं. मग उठून पुन्हा चालू लागलं.

"इथेच होतं," विल्फ संध्याकाळी चहा देताना म्हणाला. "फाटक. हिने पाहिलेलं नाही, हिच्या आईने नाही, आजीने नाही. कुणी शिकवलं नाही. सगळ्या फॅन तिथे बसतात. रक्तात आहे."

दुसरी एखादी बाई असती तर म्हणाली असती, वा, काय सुंदर! आणि घरी जाऊन पाहुण्यांना रंगवून सांगितलं असतं. सुप्रभाने मात्र हातातला कप खाली ठेवला. तिला तिचे बाबा आठवले. कुत्र्यावरून बाप आठवला याची तिला इतकी लाज वाटली, की स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. पण आठवले त्याला ती काय करणार?

काशीनाथ ओव्हाळ म्हणजे ईलिंगच्या आपल्या लोकांतलं मानाचं पान. सातारा जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेर जन्म, तरुणपणी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा, पुढे लंडन, कौन्सिलच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी. रोज टाय. मराठी अशी चोख, की पुण्याच्या माणसाने शुद्धलेखन तपासून घ्यावं. गावाबद्दल मात्र अवाक्षर नाही. एकदा कुणाच्या तरी घरच्या जेवणात एक पाहुणे सहज म्हणाले, "शेवटी काय हो, खाण तशी माती." बाबांनी भरलेलं ताट खाली ठेवलं आणि बायकोमुलीला घेऊन निघाले. बसस्टॉपवर म्हणाले, "रक्तात काही नसतं, सुप्रभा. असतं ते शिकवलेलं. आणि शिकवलेलं पुसता येतं. मी पुसलंय." लहानपणी तिने हे वाक्य दुधासारखं प्यायलं होतं.

आई गेल्यावर बाबांची आठवण ढासळायला लागली, तेव्हा ती त्यांना मिल्टन कीन्सला घेऊन आली. पहिले काही महिने बरे गेले. मग एका सकाळी भुरभुर पावसात ते पुढच्या दाराबाहेर उभे दिसले. बूट काढून बाजूला ठेवलेले, मान खाली. दार उघडंच होतं.

"बाबा, आत या ना. भिजताय कशाला?"

ते हलले नाहीत. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. कमरेत वाकले, दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडापाशी धरली आणि थांबले. वरून पाणी कुणी ओतेल म्हणून थांबले. सत्तरीला टेकलेला तिचा बाप, कुणापुढे मान न वाकवणारा, स्वतःच्या लेकीच्या दारात ओंजळ धरून उभा होता. त्या दिवसापासून ते रोजच थांबायला लागले. त्यांची ती चोख मराठीही गेली आणि खालून गावची बोली वर आली. ती तिने जन्मात त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

हे एक दुखणं झालं. त्यावर शाळेने मीठ चोळलं. पेरेंट्स इव्हनिंगला सात वर्षांच्या रश्मीची टीचर कौतुकाने म्हणाली, "किती वळणाची मुलगी! मी बोलावेपर्यंत वर्गाच्या दारातच थांबते. एकटी तीच."

"अगं, कॉम्प्लिमेंट आहे ती!" गाडीत गिरीश हसत बायकोला म्हणाला. "तुझं तोंड का असं झालंय?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं त्याला? की डोंगरात एक कुत्रं नसलेल्या फाटकापाशी बसतं, आणि ते रक्ताने बसत असेल तर माझ्या बापाने उभं आयुष्य एका खोट्या वाक्यावर काढलं? पुसलेलं काहीच पुसलं गेलं नाही, आणि ते आता रश्मीत उतरलंय? मागच्या सीटवर रश्मी बडबडत होती, "आई, माझी दात हलते." सुप्रभाने तिचं मराठी सुधारलंसुद्धा नाही.

म्हणून ती पुन्हा गेली. बॉसला सांगितलं, आणखी रक्त हवंय. खरं कारण पोटातच ठेवलं. विल्फकडे तेव्हा फॅनची एक लेक आली होती. डोळे उघडायच्या सुमारास ती विल्फच्या मेहुणीने समुद्राकाठच्या गावी नेली होती. तिथे नाव डेझी, सोफ्यावर झोप, बिस्किटं. मेहुणी फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि कुत्री परत आली. मेंढरांमागे चालायला, विल्फ कुठलंही फाटक उघडायला लागला की पोटावर बसायला ती नुकतीच शिकली होती, पण धरणाची वाट तिने पाहिली नव्हती. आईच्या मागेही ती कधी चालली नव्हती.

"बघू या," सुप्रभा म्हणाली.

विल्फ पुढे, मध्ये मेंढरं, मागे ती पोरसवदा कुत्री. सुप्रभाने तिच्यावरून नजर काढली नाही. मनात एकच धावा, बसू नकोस गं, बाई, बसू नकोस. त्या गवतापाशी आली आणि डेझी पोटावर बसली. कान मागे, डोळे समोर, अगदी आईसारखी. पाण्यावरून गार वारा आला. पाण्याखालच्या त्या वस्तीतून कुणीतरी वर बघतंय, असं सुप्रभाला वाटलं. परतीच्या वाटेत मोटरवेवरच्या थांब्यावर गाडी उभी करून ती हमसून हमसून रडली.

त्यानंतर बरेच दिवस तिने घरात कुणाकडे नीट पाहिलं नाही. रश्मी कुठल्या दाराशी घुटमळली की हिच्या काळजाचा ठोका चुकायचा. बाबा पायरीवर थांबले की ही चिडायची, दंडाला धरून त्यांना आत ओढायची, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. एकदा बाबा घाबरून म्हणाले, "मारू नका, जातू." तेव्हापासून तिने ओढणं सोडलं.

एप्रिलमध्ये विल्फचा फोन आला. म्हातारी फॅन गेली होती. तिचं शेवटचं रक्त त्याने व्हेटकडून काढून ठेवलं होतं. आणि डेझी आता फॅन झाली होती, रीतीप्रमाणे. सुप्रभा नळ्या आणायला गेली, तर विल्फचा गुडघा सुजून भोपळा. मेंढरं तर खाली आणायचीच होती.

"तू चाल पुढे," तो म्हणाला. "वाट तुला ठाऊक आहे. मी काठीने मागून येतो."

सुप्रभा पुढे झाली. मेंढरांपुढे चालायचं तिला काय कळणार! ती आपली मान खाली घालून, चिखल चुकवत, लवकर संपवावं म्हणून भराभरा चालत राहिली. वळून बघायचं धाडस नव्हतं. मेंढरांचे पाय मात्र मागून वाजत राहिले. शेवटी कुंपणाच्या भिंतीपाशी पोचल्यावर तिने मागे पाहिलं. ते गवत केव्हाच मागे पडलं होतं. कुत्री जीभ काढून तिच्याकडे बघत उभी होती. बसली नव्हती. थबकलीसुद्धा नव्हती.

"परत!" ती ओरडली. "मिस्टर डॉड, परत जाऊ या. आता तुम्ही पुढे चाला."

विल्फने तिला वेड्यात काढलं, पण गेला. लंगडत पुढे चालू लागला. या खेपेला सुप्रभाने कुत्रीकडे पाहिलंच नाही, माणसाकडे पाहिलं. गवतापाशी येताच त्याची चाल मंदावली. उजवा हात कमरेपासून वर आला, हवेत थांबला, बोटं मिटली आणि किंचित वर उचलली गेली. कडी काढावी तशी. त्याच क्षणी मागे फॅन खाली बसली. विल्फ एक पाऊल बाजूला सरला, फाटकाला जागा द्यावी तसा, आणि चालू लागला.

"हाताने काय केलंत?" तिने धावत जाऊन विचारलं.

"कुठल्या हाताने?"

तिने करून दाखवलं. विल्फने आपला हात उलटासुलटा करून बघितला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझा बाप करायचा असं," तो हळूच म्हणाला. "मी फाटक पाहिलंसुद्धा नाही." त्याच्या बापाने ती कडी उभा जन्म काढली होती. फाटक मोडलं, बाप गेला, कडी मात्र या माणसाच्या हातात राहून गेली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. कुत्री बिचारी माणसाकडे बघून बसत होती.

सुप्रभा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही थांबेना. "रक्तात नाहीये! मिस्टर डॉड, रक्तात काही नाहीये! पुढे चालणाऱ्यात आहे!" बाबा खरं बोलले होते. तिला तिथेच गवतात लोळावंसं वाटलं.

विल्फला हे झोंबलं असावं. इतक्या पिढ्यांचं नवल एका बाईने उभ्या उभ्या काढून घेतलं, कुणालाही झोंबेल. घराशी पोचल्यावर तो आत गेला, किटली ठेवली आणि वळून म्हणाला, "माझ्या हाताचं सांगतेस. आणि तुझं काय?"

"माझं काय?"

"तू दारात उभी राहतेस. आत ये म्हणेपर्यंत. पहिल्या दिवसापासून, दर वेळी. आत्तासुद्धा."

सुप्रभाने खाली पाहिलं. तिचे पाय उंबऱ्याबाहेर होते. बूट काढून बाजूला ठेवलेले होते. ते कधी काढले, तिला आठवेना. लंडनमध्ये जन्मलेली, लंडनमध्ये शिकलेली बाई. गावकूस तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मग तिला लॅबची स्टाफरूम आठवली, शेजारणीचं किचन आठवलं, रश्मीच्या शाळेचं ऑफिस आठवलं. सगळीकडे ती दारात होती, आणि तिचं बोट धरून रश्मी. रश्मीच्या पुढे कोण चालत होतं, ते आता विल्फने सांगायची गरज नव्हती.

शनिवारी ती बाबांना आणि रश्मीला घेऊन बाहेर जाऊन आली. घरापुढे गाडी लावली, दार उघडलं. काळीज धडधडत होतं, स्वतःच्याच घरात शिरायचं तरी. तिने रश्मीचा हात घट्ट धरला. "चल," ती म्हणाली, आणि बुटांसकट, न थांबता, थेट आत गेली. रश्मीला मजा वाटली. हात सोडून ती पळत किचनमध्ये शिरली, फ्रिज उघडला, ज्यूस घेऊन सोफ्यावर उडी मारली.

सुप्रभा वळली. बाबा पायरीवर थांबले होते. ते आत बघत होते, रश्मीकडे. तोंड उघडं राहिलं होतं.

"कुनाची गं बाय ही पोर?"

"तुमचीच, बाबा. तुमची नात."

"थेट आत गेली." त्यांचा आवाज कापत होता. "कुनी हटकलं न्हाई तिला?"

"नाही, बाबा. कुणीसुद्धा नाही. तुम्हीपण या."

त्यांनी रस्त्याच्या एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला. रस्ता रिकामा होता. ते पुढे वाकले आणि तिच्या कानाशी कुजबुजले, "मंग बिगीबिगी दार लावून घे." आणि स्वतः बाहेरच, दाराकडे पाठ करून, कुणी येत नाही ना ते बघत उभे राहिले.