घाटी चढण्यापुरता जोर

तुकाराम पोस्टमास्तरांची फियाट न ओळखणारा माणूस जामसंड्यात भेटला, तर तो हमखास पाहुणा समजावा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी मास्तर रोज सकाळी तिला फडक्याने पुसायचे, आणि पुसताना रस्त्यावरून कोणी बघतंय की नाही याकडे त्यांचं अर्धं लक्ष असायचं. गाडीला नाव ठेवलेलं त्यांना आपल्या घराण्याला ठेवल्यासारखं लागायचं. गॅरेजवाल्या गुरुदासलाही तेल बदलण्यापलीकडे ते हात लावू देत नसत. "माझ्या गाडयेक काय एक झाला नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणून कार्तिकातल्या एका सकाळी मास्तर आपणहून गाडी घेऊन गॅरेजात आले आणि "हिचो जोर वाढवक जमतलो काय रे?" असं विचारते झाले, तेव्हा गुरुदासने हातातला पाना खाली ठेवला.

"कित्याक मास्तरांनू? ह्या वयात शर्यत लावतास काय?"

मास्तर हसले नाहीत. "यशोदेक म्हायेराक न्हेवची आसा."

यशोदा म्हणजे मास्तरांची बायको. तिच्या हृदयाची ताकद पावशेरावर आली होती. पलंगापासून न्हाणीपर्यंत गेली तरी भिंतीला टेकून उभी राहायची. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काय ते सांगितलं होतं. ते ऐकून आल्यावर मास्तर तास-दीड तास गाडी पुसत बसले होते. यशोदेला मात्र कोणी काही सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, की एकदा शंकरदादाला बघून येऊया. शंकर तिचा थोरला भाऊ. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, तो काही खाली उतरून येणार नव्हता.

तिचं माहेर सड्यावर, डोंगरावरच्या कातळपठारावर. तिथे जायचं तर सुरंगीची घाटी चढायची, आणि घाटीच्या मध्यावर, ऐन वळणात, वाट राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड. तिथे न थांबता, पान न ठेवता कोणी पुढे जात नाही; एसटीचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेक मारून हात जोडतो. मास्तरांच्या घराला तर याहून मोठा मान होता. त्यांच्या घरच्या बाईमाणसाने राखणदारापासून वर चालत जायचं. गाडी पुढे, बाई मागून. मास्तर ही गोष्ट पोस्टात, लग्नकार्यात, कुठेही अभिमानाने सांगत. त्यांचं ऐकून आजूबाजूच्या दोन-चार घरांनीही तो मान पाळायला घेतला होता.

"मानाचा मी बगतंय," मास्तर म्हणाले. "राखणदाराक गाऱ्हाणा घालतंय, माफी मागतंय. पण थंय थांबल्यावर दोघांका घेवन ही गाडी उठाची नाय. लग्नाच्या वर्षी ह्यो मान माका ठावक नाय होतो, तिका घेवनच वर जावक बगलंय, तर राखणदारान गाडी मागे ढकलल्यान. तीन वेळा. चाक गटारात गेला. तेच्यानंतर कधी तिका बसवन चढवकच नाय."

"लेकीक सांगा, किशोरीक, तिची गाडी घेवन येयत गोव्यासून."

"सांगलंय. ही नको म्हणता. आपल्याच गाडयेतसून जातलंय म्हणता."

त्याचं कारण गुरुदासलाही ठाऊक होतं. या गाडीची पुढची सीट म्हणजे एकच सलग बाकडं, गियर स्टेअरिंगपाशी. ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्यामध्ये काहीच नाही. यशोदा लग्न झाल्यापासून तिथे बसत आली होती, मास्तरांच्या दंडाला दंड लावून. नव्या गाड्यांत नवरा-बायकोच्या मध्ये गियरचा दांडा येतो, आणि त्यावरून तिने लेकीच्या गाडीची पुष्कळ चेष्टा केली होती.

गुरुदासने बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग नुसताच आवाज चढव-उतरव करत राहिला. मास्तर शेजारी उभे, दवाखान्यात राहिले होते तसेच.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांना एक भाग दाखवला. "ह्यो कार्बोरेटर मूळचो न्हय. तुमका गाडी कोणी दिली?"

"मुंबयच्या इंजिनेरान."

"तेणी हायवेक पळवक मोठ्या तोंडाचो बसवल्यान. टायमिंगय तसाच ठेवल्यान. म्हणान इंजिन ओरडाक लागला काय जोर येता. हळू चालीत, थांबान उठताना, तेच्या पोटात कायच नाय. आपल्या रस्त्यार ता ओरडतला कधी?" त्याने हात पुसले. "जोर पयल्यापासून होतो मास्तरांनू. खंय नको थंय होतो."

मास्तरांना ते आवडलं नाही. पण या वेळी त्यांनी किल्ली त्याच्याकडेच ठेवली.

गुरुदासने हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवले, हेडचा तळ थोडा तासून आणला. कुडाळच्या एका भंगारवाल्याकडे मूळचा, लहान तोंडाचा कार्बोरेटर मिळाला. टायमिंग त्याने तीनदा लावलं आणि तीनदा बदललं. घरी यशोदा रोज संध्याकाळी विचारायची, "झाली गाडी?" आणि मास्तर उद्याचा वायदा करायचे, "फाल्या." तिच्या पायांवरची सूज आता गुडघ्याच्या वर गेली होती. गाडी आधी होते की दुसरंच काही, या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

पाचव्या दिवशी गुरुदासने तांदळाचं एक पोतं शेजारच्या सीटवर ठेवलं. "वैनींच्या वजनाचा काय तरी व्हया. पन्नास किलो आसा. पुरात?"

"ती आता छत्तीस आसा," मास्तर म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

पोतं घेऊन दोघे गॅरेजामागच्या चढावर गेले. गाडी मध्येच थांबवली, हँडब्रेक ओढला, सोडला. गाडी कुरकुर न करता, आवाज न चढवता वर निघाली. मास्तरांनी पुन्हा एकदा थांबवून बघितली. पुन्हा तेच. गुरुदास खूश होता, आणि त्याच्याकडे बघून मास्तरही हसले, पुष्कळ दिवसांनी.

गुरुवारी सकाळी यशोदेला दोघांनी धरून सीटवर बसवलं. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, केसांत आबोलीची वेणी माळली होती. गाडी सावकाश खाडीकडे उतरली, पूल ओलांडून घाटीला लागली आणि वळणात मास्तरांनी ती थांबवली. चाकाला दगड लावला. राखणदारासमोर पान-विडा ठेवून, हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, आज जो काय पान-इडो ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा. ही यशोदा वर्साची वर्सा तुझो मान राखून हंयसून चलत गेली. आज तिका चलवत नाय. तिचो काय चुकला-माकला आसात, तर ता माझ्या माथ्यार घाल, आणि तिका गाडयेत बसान सुखरूप जावक दी रे म्हाराजा."

गाऱ्हाणं संपलं की ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. गाडीत ऐकणारी एकटी यशोदाच होती, आणि ती काही बोलली नाही. दम लागला असेल, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी स्वतःच हळू आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हटलं, दगड काढला आणि गाडीत येऊन बसले.

हँडब्रेक सुटला. गाडी किंचितही मागे सरली नाही. पहिल्या गियरमध्ये शांतपणे वळण चढली, तशीच वरच्या टप्प्याला लागली.  मास्तरांनी यशोदेकडे बघितलं, तर ती पदराने डोळे पुसत होती.

"काय गो?"

"तसो मान नाय हो," ती म्हणाली.

"कसलो?"

"चलत जावचो. तसा कोणी कधी सांगलेला नाय. त्या दिवशी मीच बोललंय." ती श्वास घेण्यासाठी थांबली. "गाडी मागे गेली, वर माझे भाव उभे रवान बघी होते. तुमचा तोंड बगवना माका. म्हणान उतारलंय आणि म्हटलंय, हंयसून बाईमाणसान चलाचा आसता."

गाडी त्याच संथ चालीने चढत राहिली.

"मगे तरी सांगाचा होता."

"मगे तुमीच सगळ्यांका सांगूक लागलात. देवाचा नाव घेवन. तुमका खोटे कशे पाडू?" ती जराशी हसली. "आज बरी वडता हां गाडी."

राग कोणावर काढावा हेही मास्तरांना कळेना. पाच दिवसांचं तर काम होतं. पाच दिवस, एक भंगारातला कार्बोरेटर, आणि 'माझ्या गाडयेक काय एक झाला नाय' हे वाक्य एकदा गिळायचं. त्यांना रडू आलं, पण समोर रस्ता होता.

माहेरी यशोदा शंकरदादाच्या उशाशी बसली. त्याला बोलता येत नव्हतं, हिला बोलायला दम पुरत नव्हता. दोघं नुसते एकमेकांचे हात धरून बसले. पेज पिऊन ती तिथेच आडवी झाली. तिचा डोळा लागल्यावर मास्तर कोणाला न सांगता घराबाहेर पडले आणि घाटी उतरून राखणदारापर्यंत चालत गेले. तिथून वळून ते चढायला लागले.

ही चढण ते पायी कधी चढले नव्हते. सावलीला झाड नाही, खालून कातळ भाजतो. किशोरीच्या वेळी सातव्या महिन्यात यशोदा याच चढणीवरून चालत आली होती. नंतर किशोरीला कडेवर घेऊन. पुढे भावांसाठी सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन. आणि मास्तर वर सड्यावर, आंब्याच्या सावलीत गाडी लावून थांबायचे; उशीर झाला की हॉर्न वाजवायचे. ते दोनदा खाली बसले. दुसऱ्यांदा बसल्यावर लवकर उठवलं नाही.

शंकरदादाच्या घरी परत पोचले तेव्हा यशोदा जागी झाली होती. तिने त्यांच्या लाल मातीने भरलेल्या पायांकडे बघितलं, घामाने अंगाला चिकटलेल्या शर्टाकडे बघितलं. कुठे गेला होता, हे तिने विचारलं नाही.

"ह्या उनातसून कित्या चलत इलात?" ती म्हणाली. "माका सवय होती. तुमका नाय."