काचेवरची कच्ची पेशी

मित्रांनो, मी एक जुनी, वाळलेली पांढरी रक्तपेशी आहे. जुनी म्हणायचं ते काचेवर पडून राहिले म्हणून. खरं तर मी कधी वयात आलेच नाही.

सामोआ बेटावरच्या पेसामिनो नावाच्या तरुणाच्या हाडातल्या मज्जेत माझा जन्म झाला. तयार पेशीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं असतं. माझं अजून केळ्यासारखं वाकडं, सलगच होतं. तेवढ्यात हाक आली, जंतू घुसलेत, असतील तेवढ्या चला! मलाही बाहेर ढकललं. थोरल्यांच्या घोळक्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेसामिनोचीही तीच गत होती. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं त्याचं गोंदण निम्मंच झालं होतं. आमच्या बेटावर ते अर्धं सोडून उठणाऱ्याला जन्मभर हसतात. म्हणून गोंदणाच्या जखमा चिघळून तापानं अंग भाजत असूनही तो गोंदणाऱ्यापुढे चटईवर पडून राहिला. शेवटी थोरली बहीण तालिला त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन आली.

"गोंदणाचा ताप सगळ्यांनाच येतो गं, ताई," तो कुरकुरला.

"सगळे बरळत नाहीत. गप बस!"

डॉक्टर वायमोआनांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशींचा आकडा नेहमीसारखाच आला.

"बघ, काही झालं नाही मला," म्हणत पेसामिनो उठलाच.

"थांब रे," डॉक्टर म्हणाल्या. "आकडा ठीक आहे, पण पेशी कशा आहेत ते बघू दे."

रक्ताचा थेंब काचेवर पसरला, त्याला जांभळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी मी आले! लपायला जागाच नव्हती. आजूबाजूलाही माझ्यासारख्याच कच्च्या.

"अगं बाई! तयार पेशी कमी पडल्या, म्हणून याच्या शरीरानं कच्ची पोरंच लढायला पाठवलीयत," डॉक्टर म्हणाल्या. "तालिला, जंतूंचं विष अंगभर भिनतंय. आता घरी नेलंस तर हा वाचायचा नाही."

पेसामिनोनं तोंड झाकून घेतलं. "लोक अर्धवट म्हणतील मला."

"म्हणू देत. अर्धं गोंदलेल्या भावाला मी तारोचे कंद उकडून वाढीन. मेलेल्याला काय वाढू?"

लगेच शिरेतून औषध सुरू झालं. बरा झाल्यावर, घरी जाण्याआधी, तो मला बघायला आला. "ही पण अर्धीच राहिलीय की," तो हळूच म्हणाला. हसला मात्र नाही.

त्याचं गोंदण पुढे पूर्ण झालं. मी तशीच राहिले. शिकाऊ डॉक्टर आले की त्यांना आधी मलाच दाखवतात, आणि मला अजूनही मान वर करवत नाही. पण मित्रांनो, जखम चिघळली, ताप चढला, तर लाजेपायी झाकून ठेवू नका. घरातल्या कुणाला तरी दाखवा. त्या दिवशी मला लपता आलं असतं, तर मी नक्की लपले असते, आणि पेसामिनो गेला असता.