वर्धमान चौगुले यांचं निदान

यंत्र कधीही खोटं बोलत नाही, या एका सत्यावर वर्धमान चौगुले यांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सारी हयात काढली होती. माणसांची हमी ते घेत नसत, कारण गेला पंधरवडा ते स्वतःच रोज दुपारी घरच्यांशी खोटं बोलत होते.

प्रकरण भडंगाचं होतं. डॉक्टरांनी बीपीसाठी खारट-तिखट बंद केलं, तेव्हा सुरेखाबाईंनी भडंगाचा पत्र्याचा मोठा डबा नवऱ्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी, म्हणजे मुलाच्या कॉम्प्युटरखाली ठेवला. सम्मेदचा कॉम्प्युटर वहीएवढा, त्याची स्क्रीनला जाणारी वायर तोकडी, त्यामुळे त्यालाही उंचवटा हवाच होता. सम्मेद जेवून आडवा झाला, की वर्धमान कॉम्प्युटर अलगद बाजूला ठेवत, वाटीभर भडंग काढत आणि सगळं होतं तसं लावून टाकत. कुणी विचारलंच तर "मेल बघत होतो" म्हणत. त्यांना मेल येत नसत.

आता त्याच कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला होता, आणि रोज थोडा जास्तच. सम्मेद पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायचा. तिथल्या मॅनेजरबाईंनी मीटिंगमध्ये त्याला विचारलं, "पिठाच्या गिरणीत बसून काम करता का?" आज चारला मोठ्या क्लायंटची मीटिंग होती. तीही अशीच घरघरत गेली, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात बसायचं, असं त्यांनी बजावलं होतं. पोरगा पुण्याला गेला की घर खायला उठणार, हे वर्धमानना पुरतं कळत होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. लेथचा आजार ते असाच ओळखत.

"बेअरिंग गेलंय."

"आप्पा, दुकानात दाखवू या की."

"त्यो काय बघणार? नवीन घ्या म्हणणार. मी हाय की!"

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला गेला. धुळीबरोबर एक जिवंत कोळी निघाला. चौगुल्यांच्या घरात जीव मारत नाहीत, त्यामुळे त्याला कागदावर घेऊन गॅलरीतल्या जास्वंदीवर पोचवण्यात दुरुस्तीचा बराचसा वेळ गेला. मग शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. तिथंच चालू करून पाहिला, तर चिडीचूप.

"बघ! तोंड शिवलं का न्हाय?"

नेऊन डब्यावर ठेवला. घर्रर्र.

परत टेबलावर आणला. गप्प. परत डब्यावर. घर्रर्र.

"तुमच्यावर गेलंय," सुरेखाबाई लसूण नसलेली चटणी वाटता वाटता म्हणाल्या. "पावण्यांत मुकं, आणि आपल्या जाग्यावर आलं की आरडाओरडा."

चार वाजायला दहा मिनिटं उरली. सम्मेद शर्टाची बटणं लावत होता. खाली बर्मुडाच होता. वर्धमाननी पुन्हा स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, पण या वेळी टोक चुकून डब्यावर टेकलं. आणि त्यांना सगळं ऐकू आलं. पंखा आपला गुणगुणत होता. ढोल वाजवत होता तो डबा. भरलेला होता तोवर भडंगानं आवाज दाबून धरला होता. वाटीवाटीनं डबा रिकामा होत गेला, तसा तो वाजत गेला.

डबा काढावा, तर सुरेखाच्या हाताला हलका लागणार. ठेवावा, तर पोरगं पुण्याला.

"अगं," ते घसा साफ करत म्हणाले, "त्या डब्यात कायतरी भर."

"का? भडंग हाय की त्यात."

वर्धमान स्क्रूड्रायव्हर पुसायला लागले.

"हाय की न्हाय?"

"हुतं."

सुरेखाबाईंनी कॉम्प्युटर उचलला, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "मेल बघत हुता व्हय!"

सम्मेद इतका हसला, की बटणं चुकली. पण डबा भरला गेला, कॉम्प्युटर वर बसला, आणि मीटिंगभर घरात फक्त सम्मेदचा आवाज होता. संध्याकाळी पुण्याहून निरोप आला, की आहात तिथंच राहा. सूर्य मावळायच्या आत तिघं जेवायला बसले. वर्धमाननी दोनदा आमटी घेतली आणि दोन्ही वेळा सुरेखाबाईंनीच ती वाढली.

डब्यात आता आजऱ्याचा तांदूळ आहे. तो कच्चा खाता येत नाही.