कुमारी प्रेमलता देवधर, १९४६

कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात दिगंबररावांनी जुन्या त्रैमासिकाचे पान उघडले आणि छापलेल्या नावावर बोट ठेवून ते तसेच उभे राहिले. कुमारी प्रेमलता देवधर, नागपूर. बायकांच्या गोंदणाच्या नक्ष्यांवर अकरा पानांचे टिपण, सन १९४६.

कलकत्त्याच्या त्या मानववंशशास्त्राच्या कचेरीत कुठलाही निबंध छापायला जाण्याआधी दिगंबररावांच्या टेबलावरून जाई. निबंधाच्या शेवटची संदर्भांची यादी तपासणे हे त्यांचे एकवीस वर्षांचे काम. मूळ पुस्तक हातात घेऊन नाव, साल, पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बरोबरची खूण केली नाही. बंगाली बाबू पाठीमागे हसत, पण निबंध मात्र त्यांच्याकडेच आणून देत.

प्रेमलता देवधर म्हणजे त्यांची बायको. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनीच तिचे नाव शकुन लिहिले होते, आणि मग प्रेमलता म्हणून तिला माहेरीसुद्धा कुणी हाक मारली नाही. तिचे काही छापून आले आहे हे तिने कधी सांगितले नव्हते. त्यांनी तरी कुठे विचारले होते? बेहाला उपनगरातल्या घरी संध्याकाळी चहा देताना ती विचारायची, आज कुणाचा निबंध होता, कशावर होता. ते म्हणत, तुला नाही कळायचं ते. गेल्या चैत्रात ती गेली.

उभ्या उभ्या त्यांना नागपूर सोडतानाचे दिवस आठवले. बदलीचा हुकूम आलेला, सामान बेताचे न्यायचे होते. तिच्या ट्रंकेत वह्यांची चळत होती. हा कचरा कशाला, असे ते म्हणाले. एकही वही उघडून पाहिली नाही. तिने ट्रंक रिकामी केली. चार दिवस त्यांच्या आंघोळीचा बंब त्या वह्यांवर तापला. दिगंबररावांना शरम वाटली. त्रैमासिक घेऊन ते जिना उतरले.

खाली चारुदत्तसाहेब वाट पाहत होते. सध्या तपासायला आलेला गोंदणावरचा निबंध त्यांचाच. तरुण अधिकारी, नागपूरहून नुकतेच आलेले.

"सापडलं का हो, दिगंबरराव? इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नाही हे. पुढं काय लिहिलं या बाईनं, ते मला तळटीपेत हवंय. नाहीतर कॉलेजातल्या मुलीचं टिपण म्हणून परीक्षक उडवून लावतील."

"पुढं काही लिहिलं नाही."

"कशावरून? पुराव्याशिवाय वाक्य ठेवू नका, असं तुम्हीच सांगता ना?"

"माझी बायको होती ती, साहेब."

चारुदत्त खुर्चीतून उठले. हळू आवाजात त्यांनी सांगितले, की टिपण ते यादीतून काढू देणार नाहीत, परीक्षकांशी भांडतील; हवे तर लग्नानंतरचे नावही घालू. दिगंबररावांना क्षणभर मोह झाला. आपले आडनाव अशा कुठल्या यादीत कधी आले नव्हते.

"नको," ते म्हणाले. "तिनं ज्या नावानं लिहिलं तेच राहू द्या. माझा त्यात काही हात नव्हता."

जागेवर येऊन त्यांनी नवे कार्ड काढले. तपासलेल्या प्रत्येक लेखकाचे असे कार्ड ते ठेवत. नाव, साल, पाने उतरवून झाली. पुढील लेखन, या ओळीसमोर त्यांनी 'नाही' असे लिहिले. त्याखाली ही माहिती कुणाकडून मिळाली ते भरायचे असे. स्वतःचे नाव लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी नुसते 'नवरा' एवढेच लिहिले.