मुका माळ

"बगा की, कसं मुकं पडलंय रान," धोंडीबा म्हणाला आणि हातातल्या काठीने त्याने भोसरीचा उरलासुरला माळ दाखवला. "पूर्वी हितं चंडोल गायला लागला की गवत कापनारा मानूस विळा टाकून बसायचा. कंपन्या आल्या आन् पाखरं गेली. आता एक तरी आवाज हाय का?"

बरोबरचे तिघंही एका बाजूला तोंड करून गप्प उभे होते. आपलं म्हणणं यांच्या काळजाला लागलं, असं वाटून धोंडीबाला हुरूप आला. तसा तो ओरडूनच बोलायचा. आता आणखी आवाज चढवून त्याने चंडोलाची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायला घेतली.

ही कहाणी चहाच्या टपरीवर सगळ्यांची तोंडपाठ होती. जमीन कंपन्यांच्या प्लॉटात गेली आणि धोंडीबा फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर लागला, त्याला आता एक तप उलटून गेलं होतं. नोकरीवर त्याचा राग नव्हता. दोन्ही पोरींची लग्नं तिच्यावरच झाली होती. पण आपलं काहीतरी गेलं ते गेलंच, हे सांगायला माणसाला एखादं निमित्त लागतं. धोंडीबाला चंडोल पुरला होता. लाल तापलेल्या लोखंडावर दिवसभर हॅमरचा घण पडायचा, आणि सुटी झाली की हा टपरीवर बसून पाखरं गेल्याचं सांगायचा.

मग एकोणऐंशीच्या चैत्रात कारखान्याच्या टाइम ऑफिसातल्या अर्जुनरावांनी त्याला एक नवलाची गोष्ट सांगितली. संत तुकाराम नगरातल्या कुसुमताई नावाच्या मास्तरीणबाई दर रविवारी चार माणसं घेऊन पाखरं बघायला हिंडतात. कुणीही यावं, पाखरातलं काही कळत नसलं तरी चालतं, दुर्बीण एकच आहे ती सगळ्यांनी फिरवून घ्यायची. धोंडीबा पोटभर हसला. नसलेली पाखरं बघणारी ही माणसं त्याला बघायचीच होती, आणि जमलं तर शहाणीही करायची होती. म्हणून रविवारी हॅमर बंद असताना तो धुतलेला सदरा घालून त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

त्यांनी त्याला जुन्या ओळखीच्या माणसासारखं सामावून घेतलं. जळालेल्या विजेच्या मोटारींत तार भरणारा ज्योतीराम लहानपणापासून एका पायाने अधू होता. तो काखेत कुबडी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा. दवाखान्यात कामाला असलेल्या शालनबाईंच्या डोळ्यांवर जाड भिंगं होती. आपल्याला साळुंकी आणि कावळ्यातला फरक सांगता येत नाही, हे त्यांनी आल्या आल्या आनंदाने सांगून टाकलं. धोंडीबाला माणसं आवडली. बिचारी फसलेली आहेत, एवढंच त्याला वाईट वाटलं.

आता माळावर कहाणी सांगता सांगता त्याचं शालनबाईंकडे लक्ष गेलं. मघापासून त्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, ते हसू आता मावळलं होतं. कुसुमताईंनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम कुबडी टेकत धोंडीबाजवळ आला, त्याने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि समोरच्या धोंड्याकडे बोट केलं.

दुर्बिणीत आधी नुसतं गवत दिसलं, मग धोंडा, आणि धोंड्यावर मातीच्या रंगाचं, डोक्यावर तुरा असलेलं पाखरू. धोंडीबाने ते क्षणात ओळखलं. जिता हाय! तेवढ्यात पाखराने चोच उघडली. त्याचा गळा फुगला, बसला, पुन्हा फुगला. चोच हलत होती, आणि आवाज नव्हता.

माणसांची अशी बिनआवाजी तोंडं धोंडीबा रोज बघायचा. घण चालू असला की कारखान्याच्या शॉपमध्ये सगळेच ओठांवरून आणि हातांवरून बोलायचे. पण आज घण कुठे चालू होता? समोर मोकळा माळ होता. सदरा अंगावर फडफडत होता, आणि त्या फडफडीचाही आवाज नव्हता. हे इतके दिवस आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच त्याला भय वाटलं. कानात घालायला गेटवर कापूस मिळायचा. तो घालणाऱ्याला हॅमरवरची माणसं बाईमाणूस म्हणून चिडवायची. धोंडीबा तो घरी न्यायचा आणि त्याची बायको केसरबाई त्या कापसाच्या देवापुढच्या वाती वळायची.

"गातंय का वो त्ये?" त्याने दुर्बीण न काढता विचारलं.

ज्योतीराम त्याच्या समोर आला आणि ओठ दिसतील असा सावकाश म्हणाला, "मघापासून गातंय, मामा."

परतताना बस थांब्यावर कुसुमताईंनी धोंडीबाला पुढच्या रविवारी नक्की यायचं बजावलं, तेव्हा तो म्हणाला, "म्या यून काय करू?"

"मी टेकडी चढतो का?" ज्योतीराम म्हणाला. "खाली बसून दिसेल ते बघतो. आमच्यात कुणालाच सगळं जमत नाही."

घरी केसरबाई अंगणात डाळ निवडत होती. धोंडीबा तिच्या समोर बसला.

"तुला ऐकू येतो व्हय चंडोल?"

तिचा हात थांबला. मग ती नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली, "येतो की. पान्याला जाते तवा रोजच येतो."

"मंग बोलली न्हाईस?"

"तुमी म्हनायचा, गेला. पाखरू गेलं म्हनून चार मानसांत बोलत तरी हुता. कान गेलं म्हनले आसते तर बोलायचंच सोडलं आसतं तुमी."

धोंडीबाला आधी राग आला. मग आठवलं, की ही पुटपुटते म्हणून आपण हिच्यावर वर्षानुवर्षं खेकसत आलो, आणि हिने एकदाही उलट सांगितलं नाही. राग आला तसाच विरला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो उठला, तिच्या समोरचं सूप ओढून घेतलं आणि खडे वेचायला लागला.

पुढच्या रविवारी तो केसरबाईला घेऊनच थांब्यावर गेला. ती लाजून शालनबाईंच्या आडून चालत होती. माळावर ज्योतीरामने धोंडा दाखवला, तेव्हा धोंडीबाने दुर्बिणीतून पाखरू एकदा बघून घेतलं आणि दुर्बीण शालनबाईंकडे दिली.

"कसं म्हनतंय, सांग मला," त्याने केसरबाईला विचारलं.

तिने बराच वेळ विचार केला. "त्ये सांगाया येत न्हाई," ती म्हणाली.

तिची मान जराशी कलली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि तो सावरायचंही तिला सुचलं नाही. मधेच तिचे डोळे वाट बघत थांबायचे आणि थोड्या वेळाने ओठांचा कोपरा हलायचा. पाखराने पुन्हा चोच उघडली असणार. धोंडीबाने वळून पाहिलं नाही. पाखराकडे पाठ करून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.