पोटाचं ऑपरेशन

“हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय,” दूध घालायला आलेल्या हौसाला गोपाळकृष्ण आठल्यांनी दारातच सांगितलं. आत पलंगावर त्यांच्या पत्नीने, लीलाताईंनी ते ऐकलं आणि पदर छातीवर ओढून घेतला.

आठल्ये सर शाळेत विज्ञान शिकवत. मुंबईहून तपासणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टर काय सांगतायत ते त्यांना चटकन कळलं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन लीलाताईंच्या कर्करोगात उरलंच नव्हतं. अशा सुट्या पेशी एकेक करून पसरतात. गाठ धरत नाही, नुसती जागा जाडसर लागते, म्हणून बायका उशिरा येतात. तुम्ही वेळेत आलात, ओळखीतल्या बायकांनाही सांगा, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी मान डोलावली.

पण स्तन हा शब्द मांडवी गावातल्या माणसांत त्यांच्या तोंडून निघेना. भावाला, शाळेत, शेजारीपाजारी त्यांनी पोटाचंच सांगितलं. लीलाताईंनी एकदा विचारलं, तर लोकांना कशाला हवंय म्हणाले. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर हौसाची पाठ धरली. एका सकाळी तिला दुधाची किटलीही खाली ठेवता येईना. लीलाताईंनी तिला आत नेऊन बसवलं, खोदून विचारलं. छातीची एक बाजू कितीतरी महिने जाड लागत होती.

“गाठ आसती तर दाखवली आसती, वैनी. गाठ नाय म्हनून गप ऱ्हायले.”

दाराशी उभ्या सरांनी ते ऐकलं.

दोघं तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. आजार तोच होता, पण मणक्यापर्यंत पोचलेला. गोळ्यांनी थोपेल, बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परतताना रिक्षात लीलाताईंनी हौसाला स्वतःचं सगळं सांगितलं. सर पुढे, रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसले होते.

“सरांना लाज वाटली आसंल,” हौसा म्हणाली. “मी पन घरात पाठच सांगत व्हते.”

सरांना मागे वळून बघवलं नाही.

हौसाच्या वाडीत रिक्षा थांबली तशा बायका जमल्या. काय झालं, काय झालं, विचारू लागल्या. हौसाने लीलाताईंचा हात धरला. “सांगा वैनी. आमच्या बायकांना कळू दे.”

लीलाताई अंगणात पायरीवर टेकल्या आणि शब्द न चोरता सांगू लागल्या. सर कुंपणाशी उभे होते. एवढ्या बायकांत ते एकटेच पुरुष होते. तरी मान खाली घालून, शेवटपर्यंत ऐकत राहिले.